लोबो टीचरचे तक्ते

लोबो टीचर मेली नाय हां. आधीच सांगतंय, नायतर तुमी हात जोडून बसतलास. ती गोव्यात आसा, म्हापशाक, भाचीकडे. दोन टायम जेवता आणि थयल्या लोकांका शिकवता. तिचा मरण इतक्यात येवचा नाय. येतला तेवा पण तिना तेचो तक्तो आधीच काढून ठेवलेलो असतलो, एक-दोन-तीन आकडे घालून, बाण दाखवून. येमाक म्हणतली, "आधी नीट पाहा, मग हात लावा."

माझी मासळीची पाटी बंद पडलेली, ती परत बाजारात लागली. ती टीचरमुळे लागली काय टीचरच्या चुकीमुळे, ता माका अजून ठरवक येना. म्हणान सांगतंय.

तक्तो म्हणजे मोठो कागद, तेच्यार रंगीत चित्र, खाली जाडी अक्षरां, आणि वरखाली बांबूची काठी. आमच्या गावच्या शाळेत टीचर छत्तीस वर्षां होती. रिटायर झाली तेवा शाळेन तिका शाल दिली आणि नारळ दिलो. तिना शाल खांद्यार घेतल्यान, नारळ शिपायाक दिल्यान, आणि आपले सगळे तक्ते हातगाडयेर घालून घराक हाडल्यान. हेडमास्तर म्हणालो, टीचर, थोडे तरी शाळेक ठेवा. तर म्हणता कशी, "तुम्ही ते कपाटात घालाल. कपाटात चित्र आंधळं होतं."

बारीक, उंच. शाळेत साडी, घराक झगो. काखेत कायम एक तक्तो गुंडाळलेलो, पावसाळ्यात तेका प्लास्टिक. हातात दाखवची काठी, तिच्या टोकाक नखांका लावतत ता लाल पॉलिश. टीचरच्या स्वताच्या नखांका तेचो थेंब कधी लागाक नाय.

घरात ती कोकणी बोलाची, आणि आमच्यावांगडा पुस्तकातला मराठी. आमी "खंय चललास टीचर" म्हटला की ती "कुठे निघालात" असा आधी आमचा वाक्य सुधरून घेवची आणि मगे उत्तर देवची. वाडीत सगळी माका सुली म्हणतत. ही एकटी सुलोचनाबाई. पयल्यांदा हाक मारल्यान तेवा मी फाटी वळान बघलंय, कोण मोठी बाय उभी आसा ती.

तिचा एक वाक्य होता. "कानाने ऐकलेलं विहिरीत पडतं, डोळ्याने पाहिलेलं पाटावर बसतं." दिवसाक दहा वेळा म्हणाची. ह्या एका वाक्याचो मात्र तिना कधी तक्तो काढूक नाय. आमका ता कानानीच ऐकवल्यान.

माझी पोरगी तिसरीत होती तेवाची गजाल. टीचरनी 'आपले मासे' म्हणान तक्तो काढलो. आमच्या शाळेतली अर्धी पोरां मासळीवाल्यांची. जन्मल्यापासून तेंच्या अंगाक मासळीचो वास. तेंका ही चित्रातलो मासो दाखवता! सगळ्या माशांची तोंडां सारखी. सगळे हसणारे, आणि डोळ्यांका पापण्यो. पोरांनी विचारला, "टीचर, ह्यो कोण?"

"हा बांगडा."

माझी पोरगी उठान उभी रवली. "बांगडो हसणा नाय, टीचर. तो मेलेलो असता."

दुसऱ्या दिवशी पोरांनी घरसून खरो बांगडो न्हेलो. दुसरी बाई असती तर भायर फेकती. टीचरनी तो तक्त्याच्या बाजूक सुतळेन टांगल्यान. "छान! प्रत्यक्ष वस्तू हेच श्रेष्ठ साधन." सगळ्या वर्गांका दाखवक तिका तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी गावातली मांजरां शाळेत दाखल झाली, तेंका पटावर घेवचा तेवडा रवला.

पण तिका गोडी लागली. मगे जिती कुर्ली हाडूक सांगितल्यान. पोरांनी हाडली, चांगली हाताएवडी. कुर्लयेन शाळेत गप बसाचा म्हणान टीचरनी ती टेबलाच्या खणात ठेवल्यान. त्याच दिवशी तपासणीक सायब इलो. हजेरीची वही बघूया म्हणान तेना खणात हात घातल्यान. सायब जो ओरडलो, तो माका पाणंदीत ऐकाक इलो. टीचर जाग्यारसून हलली नाय. काठी कुर्लयेकडे धरल्यान आणि पोरांका विचारल्यान, "पाहिलंत? खेकड्याला नांग्या कशासाठी असतात?"

अख्खो वर्ग म्हणालो, "सायबाक धरूक!"

माझी पोरगी आता दोन पोरांची आवस, शिरोड्याक दिलेली. शाळेतला बाकी सगळा विसारली. ह्या विसराक नाय. म्हणजे टीचरचा खरा होता म्हणाचा, पण सायबाचा बोट खर्च झाला.

रिटायर झाल्यार माणूस जपमाळ घेता. हिना वाडी घेतल्यान. नळार तक्तो, एसटीच्या शेडीत तक्तो. माझी भिंत रस्त्याकडे, म्हणान माझ्या भिंतीर 'पचनसंस्था'. पोटातलो सगळो कारभार, लाल-निळो. ती तक्ते डिंकान लावची नाय. शिजलेल्या भाताची शितां चुरडून लावची. सकाळी उठान बघतंय, तर माझ्यो कोंबड्यो भिंतीक उड्यो मारतत. जठर खाल्लेला, आतड्याक लागलेल्यो. मी जावन सांगलंय, "टीचर, तुमची पचनसंस्था पचली."

तिका राग येवक नाय. नवीन काढल्यान आणि कोंबडी पोचाची नाय इतको वर लावल्यान. आता तो माणसाक पण दिसना.

ह्या सगळ्याक आमी हसाचो. मीच जास्त हसाची. मगे माझ्याच घरात तिचा काम पडला.

माझो घोव बाबल जन्मभर रापणीक जाणारो. दोन वर्षांमागे, किनाऱ्यार जाळ्याची दोरी ओढता ओढता खाली बसलो तो उठलो नाय. उजवो हात गेलो, उजवो पाय गेलो, वाचा गेली. पंधरा दिवस दवाखान्यात होतो. घराक हाडलो तेवा पाय वायच ओढी, काठयेन घराफुडल्या खळ्यापर्यंत येय. पण बोलणा एकच शिल्लक होता. देवाचा नाव नाय, माझा नाव नाय, एक शिवी. "आवशीक खाव." बस. पाणी होया, आवशीक खाव. पोटात दुखता, आवशीक खाव. डॉक्टरान विचारला कसा वाटता, तर डॉक्टराक पण ताच.

माझो धंदो मासळीचो. फाटफटी, उजाडच्या आधी, बंदरार जावचा, लिलावात पाटी घेवची, बाजारात जावन बसाचा. चाळीस वर्षां माझी जागा ठरलेली, वडाच्या पाराक लागून. माझो झील, पोरगीचो भाव, मुंबैक आसा, पण तेचा तेका पुराना. आमची चूल माझ्या पाटयेर पेटता. बाबल पडल्यार मी दोन म्हयने घराक बसलंय. ह्या माणसाक एकटो टाकून जावचा कसा? तेका काय होया ता माका कळना, गोळी खंयची केवा घेवची ता तेका कळना. माझ्या जागेर दुसरी बायल बसाक लागली असा कानार इला. मी रडाक नाय. रडान पाटी भरना नाय.

टीचर इली, बाबलाक वरसून खाली बघल्यान, फळो बघतत तसो. म्हणाली, "सुलोचनाबाई, मला एक महिना द्या. तुम्ही बाजारात बसाल."

मी म्हटलंय, "टीचर, तेका एक अक्षर येना. तो शाळेत गेलो तो एकदाच, कौलां परतूक."

"अक्षर कोणाला हवंय? डोळे आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी धा वाजता आमच्या खळ्यात शाळा भरली. हातातली घंटा वाजली. भिंतीर तक्तो लागलो. म्हातारो खुर्चयेर, ती समोर उभी. आणि हजेरी! एकच पोर, तेची पण हजेरी.

"बाबलराव?"

"आवशीक खाव."

"उपस्थित." आणि वहीत लिवल्यान.

पयलो तक्तो पाच चित्रांचो. जा होया तेच्यार बोट ठेवचा. तहान, भूक, पंखो, परसाकडे, दुखणा. सगळी चित्रां पुस्तकातसून उतरलेली. दुखण्याक एक गोरो माणूस, गळ्यात टाय, कपाळाक हात. बाबल तेच्याकडे बघून च्च च्च करी. तेका वाटला, ह्या कोणा सायबाचा काय तरी वायट झाला. स्वताचा डोक्या दुखला तरी बोट थय न्हेयना. भुकेक सफरचंद काढलेला. चार दिवस बाबलान तेका हात लावक नाय. टीचरनी वहीत लिवल्यान, भूक लागत नाही.

"टीचर," मी म्हटलंय, "तो सफरचंद खाता तो फक्त दवाखान्यात. तेच्यार बोट ठेवला तर परत भरती करतली असा तेका वाटता."

तिना काठी बाजूक ठेवल्यान. मगे थयच बसान पेजेचो वाडगो काढल्यान आणि बाजूक बांगडो. ह्या खेपेक हसणारो नव्हतो. बाबलान बांगड्यार बोट ठेवल्यान ता सांजेपर्यंत उचलूक नाय.

पण शिकलो. खोटा कित्याक बोला? म्हयन्याभरात पाणी म्हटला की पाणी, पंखो म्हटला की पंखो. टीचर बोटान नाय, काठयेन शिकवची, आणि एक चित्र शंभर वेळा दाखवक तिका कंटाळो नव्हतो. मी चुलीकडे बसान बघलंय. माझ्यान ता झाला नसता. मी तिसऱ्या वेळेकच तेच्यावांगडा आवशीक खाव म्हटला असता.

रवली गोळी. दोन गोळ्यो, दोनय रगताचो दाब उतरवणाऱ्यो. एक सकाळी, एक राती. मधी बारा तास व्हये, एकत्र घेतल्यो तर माणूस आडवो होतलो, असा डॉक्टरान बजावलेला. टीचरनी दोन डबे केल्यान. एकार सूर्य चिकटवल्यान, एकार चांद. सूर्य म्हणजे तिचो शाळेतलो 'सकाळ' हो तक्तो बारीक करून काढलेलो: निळा पाणी, तेच्यार अर्धो लाल गोळो, वर चार पक्षी. आठ दिवस घटवून घेतल्यान. "बाबलराव, हा डबा केव्हा उघडायचा?" बाबल डावो हात उचलून खळ्याच्या फुडे दर्याकडे दाखवी. "बरोबर! सूर्य!" ती खूश. माका म्हणाली, "विद्यार्थी तयार आहे. उद्यापासून जा."

मी गेलंय. काळोखातच पेज उकडून ठेवलंय आणि बंदरार गेलंय. बाजारात माझ्या जागेर ती दुसरी बायल होती. मी पाटी तिच्या पायाकडे ठेवलंय. ती उठली. त्या दिवशी सांजचो बाजार पण केलंय. तीन-साडेतीन म्हयन्यांचा बसणा अंगात भरलेला.

घराक टीचर धा वाजता इलेली. विचारल्यान, "गोळी घेतलीत?" बाबल म्हणालो, "आवशीक खाव." टीचरनी ता होय म्हणान धरल्यान. दुपारी तेका जेवण वाढल्यान, आणि परीक्षा म्हणान मुद्दाम घराक गेली. परीक्षेक मास्तरानी पोराकडे बघूचा नाय, असो तिचो नियम.

काळोख पडल्यार मी परतलंय तर बाबल खळ्यात उताणो. तोंड पांढरा, कपाळार घाम, हाक मारली तर डोळो उघडना. शेजारच्या रिक्षेत घातलो, दवाखान्यात न्हेलो. सलाईन लावली. डॉक्टर विचारता, दोनय गोळ्यो एकदम कोणी दिल्यो? माका काय ठावक? मी रातभर तेच्या पायाकडे बसान रवलंय. बाजार गेलो, असा मनात म्हटलंय. आता हेका सोडून जावचा नाय. आता काय खावचा ता देव बघता.

सकाळी तेना डोळे उघडल्यान. मी घराक कपडे आणूक इलंय आणि पयलो सूर्याचो डबो हातात घेतलंय. बरोच येळ बघलंय. मगे तसोच घेवन टीचरकडे गेलंय. ती खिडकीकडे चाय घेत होती.

"टीचर, ह्यो सूर्य खंयचो?"

"सकाळचा. उगवता. पाण्यातून वर येतो आहे."

"खंयच्या पाण्यातसून?"

"समुद्राच्या."

"खंयच्या समुद्राच्या?"

तिना खिडकीभायर बघल्यान. भायर आमचो दर्या होतो. सकाळचे आठ वाजलेले. दर्यार सूर्य नव्हतो. सूर्य तिच्या फाटी होतो, काजीच्या डोंगरार, आणि तिच्याच घराची सावळी दर्याकडे पडलेली.

मी म्हटलंय, "चाळीस वर्षां तुमी ह्या काठार रवतास. आमच्या दर्यात सूर्य येना नाय, टीचर. जाता. बाबलान तो जन्मभर बुडतानाच बघल्यान. काल पुनव. हयसून सूर्य पाण्याक टेकलो, थयसून डोंगरार चांद इलो. तेना सूर्याचो डबो उघडल्यान, मगे चांदाचो उघडल्यान. तुमी शिकवलास तसाच केल्यान. तो पास झालो. नापास तुमी."

टीचरनी कप बशीत ठेवल्यान. म्हणाली, "छत्तीस वर्षं मी हाच तक्ता वर्गात लावला. इतकी मुलं. एकानेही म्हटलं नाही, बाई, सूर्य तिकडे बुडतो."

"कित्याक म्हणतली? तेंका वाटला असतला, शाळेतलो सूर्य वेगळो असता."

ती रडली असती तर माझो राग उतरलो असतो. ती रडाक नाय, आणि मी पण माफ केलंय म्हणाक नाय. डबो तिच्या टेबलार ठेवलंय आणि इलंय.

बाबल तीन दिवसांनी घराक इलो. चौथ्या दिवशी धा वाजता घंटा. माका वाटला, हिका लाज कशी नाय? हातात तक्तो नव्हतो. कोरो कागद होतो, आणि रंगाची बशी. खुर्ची ओढून ती बाबलाच्या बाजूक बसली. समोर उभी रवाक नाय, बसली. आणि कुंचलो तेच्या डाव्या हातात दिल्यान.

"बाबलराव, सकाळ काढा."

तेना काढल्यान. वाकडो डोंगर, तेच्यार काजीची दोन झाडां म्हणान दोन फाटे, आणि डोंगराच्या डोक्यार गोळो. मगे कोणी न सांगता दुसऱ्या अर्धात एक आडी रेघ मारल्यान, तेच्यार अर्धो गोळो. चांद काढल्यानच नाय. सांजेक घेतल्यार रातीक परत कित्याक, असा तेका वाटला असतला. टीचर म्हणाली तसाच असांदे. डॉक्टराक विचारून दुसरी गोळी सांजेची केल्यान. तो कागद कापून तिना डब्यांर चिकटवल्यान आणि हात जोडल्यान.

"तक्ता दुरुस्त केलात. आभारी आहे."

"आवशीक खाव," बाबल म्हणालो.

"रास्त आहे," टीचर म्हणाली.

तरी मी आठ दिवस हललंय नाय. सकाळी उशीर करून चुलीकडे बसाची आणि चोरून बघाची. डोंगरार उजेड इलो की तो डबो उघडी. सूर्य पाण्याक टेकलो की दुसरो. एक दिवस चुकाक नाय. माझ्या लक्षात इला ता ह्या, की ह्या माणसाची अक्कल कधी जावक नव्हतीच. ती गेली नाय ह्या माका टीचरच्या चुकीन दाखवल्यान. नवव्या दिवशी मी पाटी घेतलंय.

तेच्यानंतर टीचर मवाळ झाली असा तुमका वाटता काय? हट! नवीन तक्ते सुरू. फक्त आता काढूच्या आधी वाडीतल्या कोणाक तरी धरून विचारता, "तुमच्याकडे हे कसं दिसतं?" लोकां पयली हसत होती, आता पळाक लागली.

ह्या पावसाळ्याआधी तिचे गुडघे गेले. म्हापशाची भाची जीप घेवन इली. म्हणाली, आंटी, कपडे तेवडे घे. टीचरनी कपडे एका पिशयेत घातल्यान आणि जीपभर तक्ते.

मी तेवा बाजारात होतंय. जीप माझ्या समोर थांबली. भाचीन हॉर्न वाजवल्यान, "आंटी, वचूया!" टीचर उतरली नाय. काच खाली केल्यान.

"सुलोचनाबाई, घरी कोण आहे?"

"बाबल."

"आणि?"

"आणि कोण असतला?"

"सकाळची गोळी?"

"घेतलेली असतली."

"कोणी दिली?"

"कोण देतला, टीचर? तेची तो घेता."

फुडचो प्रश्न येतलो म्हणान मी थांबलंय. येवक नाय. तिना माझ्याकडे बघल्यान, पाटयेकडे बघल्यान, माझ्या बसाच्या जागेकडे बघल्यान. तेवड्यात एक गिराईक इला, तारल्यांचो भाव विचारूक. मी तेका वाटो करून दिलंय. वर बघलंय तर जीप चललेली.

फाटल्या काचेत तक्तेच तक्ते, टीचरचा तोंड खंय दिसाक नाय. खिडकीतसून एक हात तेवडो भायर होतो आणि हातात ती काठी. माका वाटला, माका हात करता. तसा नव्हता. ती भाचीक रस्तो दाखवत होती. आमच्या गावासून भायर जावचो रस्तो एकच आसा.